तुमच्यातलं पुढे कोण आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात, कॉलेज संपल्यावरही आम्ही काही जण पुण्यात नाटक करत राहिलो होतो, हे कळलं की समोरून बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो: "मग तुमच्यातलं पुढे कोण आलं?" विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ओळखीचं एखादं नाव निघेल, अशी त्याला आशा असते.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर एक जण मुंबईला गेला. मालिकांमध्ये दिसतो, मन लावून काम करतो, आम्हाला त्याचं कौतुक आहे. बाकीचे इथेच राहिले. पण मी एवढंच सांगून थांबले, तर ज्यांच्या हातांनी आमचं नाटक उभं राहिलं त्यांच्यातल्या एकाचंही काम सांगून होत नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर. नावं मुद्दामच घालत नाही. त्यांच्यापैकी कोणालाच आपलं नाव छापून यावं असं वाटत नाही.

पुण्यात नाटकाचा किडा बहुतेकांना चावतो तो पुरुषोत्तम करंडकामुळे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळाभर तालमी, मग भरत नाट्य मंदिर, बाल्कनीतून "अरे आव्वाज कुणाचा" अशी आरोळी. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पण पदवी हातात पडली की हे सगळं तिथेच संपतं. तालमीची खोली कॉलेजची असते, खर्च कॉलेजचा, प्रेक्षकसुद्धा कॉलेजचे. नाटक करायची इच्छा तेवढी आपली उरते.

आम्ही त्या इच्छेवर गट काढला. भरतचं किंवा बालगंधर्वचं भाडं परवडण्याचा प्रश्नच नव्हता. एका शाळेचा हॉल संध्याकाळी मिळायचा, तिथले शिपाईकाका किल्ली द्यायचे आणि आमच्या तालमी बघत बसायचे. काही रेंगाळलं की ते उठून खिडक्या लावायला लागत. तो प्रवेश आम्ही कापायचो.

आता प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राबद्दल. तो भोसरीला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. भाड्याचे स्पॉट आणायला पैसे नव्हते, म्हणून त्याने दिवे स्वतः केले. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात ५०० वॅटची हॅलोजनची नळी, मागच्या बाजूला उष्णता जायला भोकं, बाहेरून काळा रंग, पुढे जिलेटिन, म्हणजे प्रकाशाला रंग देणारा पारदर्शक कागद, अडकवायला पत्र्याची खाच. दिवे कमी-जास्त करणारे डिमरही त्याचेच. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून बीटी-१३६ हे ट्रायॅक, म्हणजे दिव्याला जाणारी वीज कमी-जास्त करणारे छोटे भाग, आणायचे, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवायचे, एका दिव्याला एक. पत्रा, पट्ट्या, खटके जुन्या बाजारातून, बुधवारी नाहीतर रविवारी.

शाळेच्या हॉलमध्ये पंधरा अँपिअरचं एकच पॉइंट होतं. ५०० वॅटचा दिवा सव्वादोन अँपिअरच्या आसपास घेतो. सहा दिवे एकदम पूर्ण चढवले तर तेरा अँपिअर होतात आणि त्यावर पंखे, टेपरेकॉर्डर. फ्यूज उडणार हे ठरलेलं. त्यामुळे तो सगळे दिवे एका वेळी कधीच पूर्ण चढवायचा नाही. एक वर जायचा तेव्हा दुसरा खाली यायचा. आमच्या नाटकात रंगमंच कधीही लख्ख उजळला नाही, कोणीतरी कायम अर्ध्या अंधारात असायचं. बघणाऱ्यांना ती शैली वाटायची. आणि ती शैलीच होती, कारण त्या मर्यादेत काय करता येईल याचा विचार त्याने कोणाहीपेक्षा जास्त केला होता. हॅलोजन मंद केला की त्याचा प्रकाश नारिंगी होत जातो. तिन्हीसांजेच्या प्रवेशाला त्याने कधी जिलेटिन लावलं नाही, दिवा नुसता खाली आणायचा. आजच्या एलईडीत हे आपसूक होत नाही, ते मुद्दाम घडवून आणावं लागतं.

त्या डिमरला एक खोड होती. दिवा अर्ध्यावर आणला की त्यातली तार गुणगुणायची. विजेच्या सेकंदाला पन्नास आवर्तनांची दुप्पट, म्हणजे शंभर. हा सूर पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा वर लागतो. आमची संगीत करणारी मैत्रीण रीतसर गाणं शिकलेली, तिच्या कानाला ते खटकायचं. तिने तक्रार केली नाही. मंद प्रकाशातल्या प्रवेशांचं सगळं संगीत तिने पांढरी पाचमध्ये बांधलं आणि दिव्यांची गुणगुण तिच्या पेटीच्या खाली तानपुऱ्यासारखी बसली. प्रेक्षकांपैकी हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. पण तालमीत जेव्हा पहिल्यांदा ते जुळलं, तेव्हा प्रकाशवाला डिमर सोडून उठला आणि तिच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला. पाऊससुद्धा ती टेपवर वाजवायची नाही. सुपात मूग घेऊन हळूहळू फिरवायची. कमी-जास्त पाऊस तिच्या मनगटात होता.

लिहिणारा मित्र बँकेत होता. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड. त्याने लिहिलेलं काहीही पुस्तकरूपात आलं नाही. नट बघून तो लिहायचा. कोणाचा श्वास किती पुरतो, कोण 'ळ' चांगला म्हणतो, कोणाला गप्प बसवलं तर जास्त परिणाम होतो, हे त्याला पाठ असायचं. पीएमटीच्या थांब्यावर, बँकेच्या काउंटरवर माणसं काय बोलतात यापेक्षा ती कुठे थांबतात हे तो टिपून ठेवायचा. त्याच्या संहितेत 'विराम' हा शब्द नसायचाच. तिथे कंसात काम लिहिलेलं असायचं: दोरी गुंडाळतो, पाणी झाकतो, चष्मा पुसतो.

त्याचा वाडा पडायचा होता. तेव्हा पेठांमधले वाडे एकामागून एक पडत होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली. त्या भाड्यात मालक डागडुजी करेना आणि भाडेकरूला काढता येईना. लाकूड कुजायचं, भिंती फुगायच्या, मग बिल्डर यायचा. दोघांचीही बाजू खरी असायची आणि त्याने नेमकं तेच लिहिलं. एक कुटुंब खोली रिकामी करतंय, एवढीच गोष्ट. आपलं काय आणि घराचं काय, यावर वाद. स्वयंपाकघरातला ओटा आजोबांनी बांधून घेतलेला, तो कोणाचा? नंतर बसवलेली खिडकी कोणाची? मुलगी विचारते, "भिंतीतले खिळे काढायचे का?" आई म्हणते, "आपण ठोकलेत तेवढे काढ." मग कोणते आपण ठोकले, हे कोणालाच आठवत नाही.

ते नाटक आम्ही त्याच वाड्याच्या चौकात केलं, वाडा रिकामा व्हायच्या आधी. मालक मोठ्या मनाचे निघाले, हो म्हणाले. प्रेक्षक ओसरीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, माडीच्या सज्जात. सतरंज्या घरोघरच्या.

आणि इथे प्रकाशवाल्याने जे केलं त्याबद्दल मी आयुष्यभर सांगत राहीन. वाड्यात पंधरा अँपिअरचं पॉइंट कुठेच नव्हतं. पण प्रत्येक बिऱ्हाडाचं मीटर वेगळं होतं. पाच अँपिअरच्या एका पॉइंटवर त्याचे दोन दिवे चालत होते. त्याने भार घरोघर वाटून टाकला. या घरातून दोन, त्या घरातून दोन, वायरी खिडक्यांतून खाली. तेवढ्यावर थांबला नाही. वाड्यातले साधे बल्बसुद्धा त्याने नाटकात घेतले. कोणत्या वाक्यावर कोणी आपल्या खोलीतला दिवा लावायचा, कोणी मालवायचा, हे त्याने प्रत्येक घरात जाऊन समजावलं, चिठ्ठ्या लिहून दिल्या. माडीवरच्या एका आजींना वाचता येत नव्हतं. त्यांना त्याने वाक्य पाठ करवलं. तालमीला त्या त्याला म्हणाल्या, "अरे, वाक्य कशाला पाठ करू? ती पोर रडायला लागली की मी दिवा घालवते ना." तेच बरोबर होतं. प्रयोगात शेवटच्या प्रवेशाला चौकाभोवतीच्या खोल्या एकेक करून अंधारत गेल्या आणि दिवे मालवणारे स्वतःच ती घरं सोडून जाणारे होते.

आता तुम्हीच सांगा, हे करणारा माणूस पुढे कुठे जायला हवा होता?

पुण्याच्या नाटकात ही काही नवी गोष्ट नाही. १९५१ मध्ये पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही नाट्यसंस्था, सुरू करणाऱ्यांत डॉ. श्रीराम लागू होते, ते पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग भरतमध्ये झाला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस करणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्या नाटकातला पडदा माणसांचा होता, नेपथ्यावर खर्च न करता गाणाऱ्या माणसांची रांग. पीडीएत त्या नाटकावरून मतभेद झाले, मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. त्यातल्या अनेकांची नावं पुढे मोठी झाली हे खरं. पण दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, आणि त्या तालमीत कसलीही सवलत नाही, ही रीत आम्ही त्यांच्याकडूनच पाहिली. आमच्या प्रकाशवाल्याला भोसरीच्या पाळीवरून यायला उशीर झाला तर तो चहा न घेता शिडीवर चढायचा. त्याला कोणी 'हौशी' म्हटलं की मला राग यायचा, अजूनही येतो.

पोस्टर करणाऱ्या मैत्रिणीबद्दल लिहायचं मी पुढे ढकलत आले आहे, कारण ती आता नाही. काही वर्षांपूर्वी आजाराने गेली. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकलेली, नंतर लग्नपत्रिकांच्या छपाईच्या दुकानात स्क्रीन प्रिंटिंग करायची. दुकान बंद झाल्यावर मालकांच्या परवानगीने आमची पोस्टरं तिथेच छापायची. कागद पत्रिकांच्या कापातला उरलेला, त्यामुळे पोस्टरं लहान आणि चिंचोळी. शाया दोनच घ्यायच्या, तिसरा रंग एकावर एक छापून काढायचा. निळ्यावर पिवळा नेमका किती पातळ गेला की कैरीचा हिरवा येतो, हे तिला हातानेच कळायचं. फिल्म काढणं महाग, म्हणून ती कागद कापून स्टेन्सिल करायची आणि अक्षरंसुद्धा ब्लेडने कापायची. वाड्यातल्या नाटकाच्या पोस्टरवर फक्त खिळ्यांची भोकं होती, निरनिराळ्या आकाराची. खालच्या कोपऱ्यात एकच खिळा. आम्ही रात्री मैद्याची खळ घेऊन ती अलका टॉकीजच्या चौकापासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत लावली. पहिल्या पावसात बहुतेक गेली. ती म्हणायची, "जाऊ दे गं, नाटक झालं की पोस्टरचं काम संपलं." मला ते कधीच पटलं नाही. म्हणून प्रत्येकाची एक प्रत मी मागून घ्यायचे. त्या माझ्याकडे आहेत, आणि तुम्हाला बघायच्या असतील तर दाखवेन.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. संगीतवाली कोथरूडला गाणं शिकवते. लेखक निवृत्त झालाय, अजून लिहितो, अजून छापत नाही; यावरून आमचं भांडण चालूच आहे. मला वाटतं त्याने छापावं. तो म्हणतो, करणारे नट समोर असले की लिहीन. प्रकाशवाला नव्या मुलांच्या तालमींना जातो. मुलांकडे आता शनिवार पेठेतल्या सुदर्शनसारख्या छोट्या जागा आहेत, संगणकावर चालणारे दिवे आहेत. तो ते सगळं आनंदाने शिकून घेतो.

त्या मुलांपैकी काहींनी वाड्याचं नाटक करायला मागितलं आहे. लेखक म्हणाला, करा, एक शब्दही बदलणार नाही, पण तुमच्यातल्या किती जणांनी वाडा आतून बघितलाय? दोघांनी हात वर केले. म्हणून सध्या रविवारी सकाळी आम्ही त्यांना घेऊन पेठांमध्ये हिंडतो. जे वाडे उरलेत, आणि जिथले लोक आत येऊ देतात, तिथे जातो. लेखक त्यांना ओसरीवर बसवून आतली माणसं बोलतात ते ऐकायला लावतो. प्रकाशवाला तोवर एकदोघांना जिन्याखाली नेतो आणि मीटर मोजायला सांगतो.