बॅकअप अपलिंक : कॉन्फिग दोन ओळींचं, भानगड बाकीची

आमच्या प्लांटमध्ये सध्या प्रत्येक शेडच्या ॲक्सेस स्विचला (शेडमधली मशिनं ज्यात जोडतात तो) दुसरी अपलिंक, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणारी वायर, द्यायचं काम चाललंय. वरून ऑर्डर एवढीच, की "एक वायर तुटली तरी लाइन थांबली नाही पाहिजे". आता हे ऐकायला सोपं वाटतं, दुसरी केबल टाका आणि लावा, झालं. पण तसं नुसतंच लावलं आणि स्पॅनिंग ट्री (लूप शोधून जादा लिंक अडवून ठेवणारा प्रोटोकॉल) बंद असेल तर पुढच्या दोन मिनिटांत अख्खं नेटवर्क आडवं होतं, कारण इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) टीटीएल, म्हणजे आयुष्याची मर्यादा, वगैरे काही नसतो, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम) एकदा लूपमध्ये शिरला की तो फिरतच राहतो आणि रॅकमधले सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागतात. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.

यावरचं जुनं उत्तर म्हणजे स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ साली डेक कंपनीत असताना केलेलं, १९९० ला ८०२.१डी म्हणून स्टँडर्ड झालं. काम चोख करतं पण जुन्या टायमरवर लिंक गेली की ३० ते ५० सेकंद ट्रॅफिक बंद, आणि कन्व्हेयरच्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) ५० सेकंद म्हणजे लाइन ट्रिप होऊन सुपरवायझरचा फोन येईपर्यंतचा वेळ. रॅपिड स्पॅनिंग ट्री (२००१) आल्यावर हे खूप सुधारलं आणि माझं मत विचाराल तर नव्या ठिकाणी आधी तेच नीट लावा. वरचे दोन डिस्ट्रिब्यूशन स्विच (शेडच्या स्विचेसना कोअरशी, म्हणजे मुख्य स्विचशी जोडणारे) स्टॅकमध्ये, म्हणजे मिळून एकच स्विच असल्यासारखे, असतील तर मग प्रश्नच नाही, एलएसीपी लावून दोन्ही लिंक एकत्र बांधा आणि दोन्हीकडून ट्रॅफिक चालू द्या, एक लिंक फुकट का ठेवायची.

पण आमच्याकडे वरचे दोन स्विच वेगवेगळे, स्टॅक होत नाहीत, आणि मध्ये एक जुनाट मशीन व्हेंडरचं नेटवर्क आहे ज्याच्या स्पॅनिंग ट्रीशी आमची गाठ पडायला नको. म्हणून फ्लेक्स लिंक. सिस्कोत हे नाव, हुआवेमध्ये आणि एचथ्रीसीत स्मार्ट लिंक म्हणतात, ज्युनिपरवाले रिडंडंट ट्रंक ग्रुप म्हणतात, कल्पना तीच. दोन पोर्टची जोडी, एक चालू, दुसरा लिंक अप पण ट्रॅफिक ब्लॉक, पहिला पडला की दुसरा लगेच उचलतो. कॉन्फिग खरंच दोन ओळी: इंटरफेस गिगाबिट १/०/४९ मध्ये जायचं आणि "स्विचपोर्ट बॅकअप इंटरफेस गिगाबिट १/०/५०" टाकायचं. त्या दोन पोर्टवर स्पॅनिंग ट्री आपोआप बंद होतं, आणि इथेच पहिली ग्यानबाची मेख आहे, कारण नंतर कुणीतरी दोन शेडच्या स्विचमध्ये परस्पर पॅचकॉर्ड मारली तर ती लूप पकडणारं कुणीच उरलेलं नसतं. खालच्या सगळ्या एज पोर्टवर (मशिनं लागतात ते) बीपीडीयू गार्ड, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा मेसेज आला की पोर्ट बंद करणारी सोय, लावलाच पाहिजे, याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट प्रीएम्प्शन. मेन लिंक परत आली तर ट्रॅफिक परत तिच्यावर न्यायचं का? डीफॉल्टला हे बंद असतं, म्हणजे मेन लिंक दुरुस्त होऊन आली की ती गुपचूप स्टँडबायला बसते. बरेच जण याला बग समजतात आणि घाईघाईने फोर्स्ड मोड लावतात. मी म्हणतो राहू द्या तसंच. अर्धवट तुटलेली फायबर वर-खाली होत असते, फोर्स्ड लावलं की प्रत्येक वेळी ट्रॅफिक इकडून तिकडे उड्या मारणार (डीले डीफॉल्ट ३५ सेकंद आहे, पण फ्लॅपिंग त्याहून सावकाश असलं तर काय करणार). मेन १० गिगची आणि बॅकअप १ गिगची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जास्त वेगाच्या लिंकला पसंती देणारा बँडविड्थ मोड लावा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. फ्लेक्स लिंकला कळतं ते फक्त एवढंच, की माझ्या पोर्टवरची लिंक अप आहे की डाउन. बस. आमच्या दोन शेडमध्ये फायबर थेट स्विचमध्ये येत नाही, मध्ये फायबरचं तांब्याच्या केबलमध्ये रूपांतर करणारा मीडिया कन्व्हर्टर आहे, तो काळा छोटा डबा, ॲडॉप्टर लोंबकळत असलेला. टेस्टिंगला लॅपटॉपवर सतत पिंग (संपर्क आहे का ते तपासणारा मेसेज) लावून ठेवला आणि स्विचच्या पोर्टमधली पॅचकॉर्ड ओढली, एखादाच पिंग चुकला आणि गाडी परत चालू, सगळे खूश. मग पलीकडच्या टोकाला जाऊन कन्व्हर्टरमधून फायबर काढायला सांगितली. काही नाही. पिंग बंद, आणि इकडे स्विचवर पोर्टचा दिवा हिरवागार, कारण स्विच ते कन्व्हर्टर ही तांब्याची लिंक ठणठणीत आहे! बॅकअप लिंक बाजूला तयार बसलेली, पण तिला कुणी बोलावलंच नाही.

चांगल्या कन्व्हर्टरमध्ये लिंक फॉल्ट पास थ्रू नावाचा डिप स्विच असतो, तो ऑन केला की फायबर गेल्यावर तांब्याची बाजूही पाडतो. आमच्या डब्यांत तो नाहीच. मग उरतं यूडीएलडी नावाचं प्रोटोकॉल. ते दोन्ही बाजूच्या स्विचमध्ये आपसात मेसेज पाठवत राहतं त्यामुळे मधला डबा मेला तरी कळतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा: ग्लोबल कमांड फक्त फायबर पोर्टला लागू होते आणि आपला पोर्ट तर तांब्याचा आहे, म्हणून इंटरफेसवर जाऊन "यूडीएलडी पोर्ट ॲग्रेसिव्ह" वेगळं टाकावं लागतं, नुसतं नॉर्मल मोडला शेजारी गप्प झाला तर तो पोर्ट पाडत नाही. आणि मेसेज १५ सेकंदाला एक, तीन चुकले की मग आठ वेळा विचारणार, म्हणजे जवळजवळ एक मिनिट. माहितीपत्रकात मिलिसेकंदांच्या गप्पा आणि प्रत्यक्षात जुन्या स्पॅनिंग ट्रीपेक्षाही जास्त वेळ. इंटरव्हल कमी करता येतो, किती खाली जातो ते मॉडेलवर आहे.

हाच प्रकार वरच्या बाजूलाही होतो. डिस्ट्रिब्यूशन स्विचची कोअरकडची लिंक गेली तरी आपल्याकडची लिंक अपच राहते आणि सगळं ट्रॅफिक त्या खड्ड्यात जात राहतं. त्याला लिंक स्टेट ट्रॅकिंग (स्मार्ट लिंकवाल्यांचं मॉनिटर लिंक): वरचे पोर्ट अपस्ट्रीम ग्रुपमध्ये, खालचे डाउनस्ट्रीम ग्रुपमध्ये, वरचे सगळे पडले की खालचे मुद्दाम पाडायचे, म्हणजे ॲक्सेस स्विचला कळतं.

अजून एक, गप्प बसणारी मशिनं. फेलओव्हर झाला की कॉम्प्युटर स्वतःच बडबड करतात म्हणून वरच्या स्विचेसना नवा रस्ता कळतो, पण लेबल प्रिंटरसारखं डिव्हाइस कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही, कोअरच्या टेबलमध्ये त्याचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) जुन्याच पोर्टवर राहतो, एजिंग (जुनी नोंद पुसायची मुदत) ३०० सेकंदांचं, म्हणजे पाच मिनिटं प्रिंटर गायब आणि लोक प्रिंटरच रीस्टार्ट करत बसतात. यासाठी मॅक ॲड्रेस टेबल मूव्ह अपडेट आहे, खाली ट्रान्समिट, वर रिसीव्ह, दोन्ही बाजूंना टाकावं लागतं.

बॅकअप पोर्टवरही अलार्म लावा. तो मेला तर कुणीच तक्रार करत नाही ना. एसएफपी (फायबर लावायचं छोटं मॉड्यूल) थेट स्विचमध्ये असेल तर ऑप्टिकल पॉवरही बघत जा, एलएक्स प्रकारच्या एसएफपीच्या रिसीव्हरची हद्द उणे १९ डीबीएमच्या आसपास आहे, आमच्या एका स्टँडबाय फायबरवर उणे १७ दिसलं, कनेक्टर साफ केल्यावर सुधारलं.

व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) वाटून दोन्ही लिंक वापरता येतात, पण ट्रबलशूटिंगला डोकेदुखी, मी लावत नाही.

सध्या कन्व्हर्टर काढून थेट एसएफपी टाकायचं कोटेशन मागवलंय, पर्चेसकडे अडकलंय. दुसरी फायबर त्याच केबल ट्रेमधून न्यायची की कंपाउंडच्या बाजूने नवी खोदाई करायची यावर सिव्हिलवाल्यांशी अजून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं ट्रेमध्ये जागा आहे की, मग कशाला खर्च.