वाफा एक, दावेदार दोन

परवा सकाळी दार वाजलं. बाहेर शेजारच्या आजी. पायात गमबूट, हातात फावडं, मागे एकचाकी ढकलगाडी, आणि तिच्यात चिखलाने माखलेलं काहीतरी. लांबून मला सुरणच वाटला.

"हे तुझं," म्हणाल्या. "मी नोव्हेंबरमध्ये मुलाकडे ॲरिझोनाला चालले. तिकडे हे फुलणार नाही. याला थंडी लागते."

पिओनी होती ती, भरगच्च फुलांच्या एका झुडपाचा गड्डा. त्यांच्या आईच्या बागेतली. (इथे अमेरिकेत आजींनाही नावाने हाक मारतात. अकरा वर्षं झाली, मला ते जमत नाही, म्हणून इथेही आजीच.) मी थँक्यू म्हटलं, चहा विचारला, आणि मनात म्हटलं, मेले. कारण अख्ख्या गल्लीत पिओनीला नावं ठेवणारी मी एकटी, आणि ती नावं मी आजींच्या समोरच ठेवलेली आहेत.

माझा पक्ष पहिल्यापासून डेलिलीचा, लिलीसारख्या दिसणाऱ्या फुलाचा. मिशिगनमध्ये घर घेतलं तेव्हा पुढच्या वाफ्यात आधीच्या मालकांनी लावलेल्या पिवळ्या डेलिल्या होत्या, 'स्टेला दे ओरो' जातीच्या. ही जात शेजारच्या इंडियानातल्या वॉल्टर जाब्लॉन्स्की नावाच्या माणसाने तयार केली आणि 1975 साली नोंदवली. आज ती पेट्रोल पंपावर, बँकेच्या दारात, मॉलच्या पार्किंगमध्ये, कुठेही दिसते. आपल्याकडे हायवेच्या डिव्हायडरला कण्हेर असते ना, तसंच. त्यामुळे बागेची हौस असलेली इथली मंडळी स्टेलाचं नाव निघालं की नाक मुरडतात. मला तर त्यामुळेच तिच्याबद्दल जास्त वाटतं. पाणी घाला, नका घालू. माती चिकट असो, रस्त्यावरचं मीठ पडो. एकदा गड्डा खणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गराजमध्ये ठेवला आणि विसरले. दोन आठवड्यांनी उघडला तर आत नवे कोंब. अशा झाडाशी भांडायचं कशावरून?

फूल मात्र एका दिवसाचं. नावातच ते आहे: हेमेरोकॅलिस, ग्रीकमध्ये एका दिवसाचं सौंदर्य. सकाळी उमलतं, रात्री मिटतं, दुसऱ्या दिवशी ओल्या टिश्यू पेपरसारखं लोंबतं. आजींना हे फार खुपायचं. "एकच दिवस?" मी त्यांना जास्वंदीचं सांगितलं. आमच्या वाईच्या अंगणातली जास्वंद रोज नवं फूल देते, संध्याकाळी ते मिटून जातं, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण उद्याचं तयार असतं. डेलिलीच्या एका दांडीवरही कळ्या रांगेत उभ्या असतात. साधी जात तीन-चार आठवडे चालते, आणि स्टेला तर जूनमध्ये एकदा सुरू झाली की थांबत थांबत थेट थंडी पडेपर्यंत. यंदा गौरींनाही तिचीच चार फुलं वाहिली. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "तेरडा नाही मिळाला होय? असू दे. पिवळं आहे ना."

डेलिलीचा एकच शत्रू, आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. हरीण. तिकडे हरीण म्हटलं की तुम्हाला कालिदास आठवत असेल. मला उंदीर आठवतो. पाच फूट उंच, सुंदर डोळ्यांचा उंदीर. गेल्या वर्षी मी हौसेने एक महागडी डेलिली आणली, जांभळी, गळा पिवळा. जुलैत पहिली दांडी आली. रोज कळ्या मोजत होते, अकरा झाल्या. सगळ्यात खालची रात्री फुगली होती, म्हणजे सकाळी उमलणार. मी सहाला चहा घेऊन बाहेर गेले तर अकराच्या अकरा गायब. दांडी उभी, वरची टोकं कातरीने छाटल्यासारखी, आणि ओल्या मातीत खुरांचे दोन ठसे. तेव्हापासून साबणाच्या वड्या टांगल्या, अंडं कुजवून फवारलं, केसांचे पुंजके टाकले. नवरा म्हणतो, वाफ्याला आता स्मशानाचा वास येतो. हरणांना चालतो. आणि तिथेच, सहा फुटांवर, आजींची पिओनी. तिच्या एका पानाला तोंड लावलेलं नाही. हरणांना ती कडू लागते म्हणे.

हे आजी मला बोलून दाखवत नाहीत. नुसत्या बघतात.

आता पिओनीवरचा माझा राग. तो काही निव्वळ तत्त्वाचा नाही, हे कबूल करते. घर घेतलं त्याच वर्षी मी 'सारा बर्नहार्ट' नावाच्या गुलाबी पिओनीचा गड्डा विकत आणला होता. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं असतं, पण मी वाईची. हळद लावणाऱ्यांच्या घरातली. मला गड्डा कसा पुरायचा हे पाकीट शिकवणार? चांगला हातभर खोल खड्डा केला, शेणखत घातलं, माती दाबून बसवली. पहिल्या वर्षी पानं. दुसऱ्या वर्षी पानं. तिसऱ्या वर्षी आणखी सुंदर पानं. चौथ्या वर्षी आजी कुंपणापाशी आल्या आणि विचारलं, "किती खोल लावलीस?"

तर गोष्ट अशी, की पिओनीच्या गड्ड्यावर डोळे असतात. उसाच्या टिपरीवर असतात तसेच, फक्त लालसर गुलाबी आणि टोकदार. ते डोळे जमिनीखाली जेमतेम दोन इंच राहिले पाहिजेत. त्यांना हिवाळ्याची थंडी खावी लागते. जास्त खोल गेले की झाड जगतं, वाढतं, फक्त फुलत नाही. मी जी काळजी घेतली, तीच नडली. यात कुणाला दोष देणार? पण फुलाला दोष देणं सोपं असतं, ते मी अनेक वर्षं केलं.

मुंग्यांचं तर विचारू नका. आजींच्या पिओनीच्या कळ्या मे महिन्यात काळ्या मुंग्यांनी भरून जातात. एकदा आजी गावाला गेल्या असताना मी, भल्या शेजारणीसारखी, साबणाच्या पाण्याने सगळ्या कळ्या धुऊन काढल्या. परत आल्यावर त्या पोट धरून हसल्या. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर गोड रस पाझरतो, मुंग्या त्याच्यासाठी येतात, कळीला काही करत नाहीत. मुंग्या असल्याशिवाय पिओनी उमलत नाही असंही इथे बरेच जण मानतात, तेही खरं नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या परत हजर होत्याच.

आणि एवढं सगळं करून फूल किती दिवस? आठ. फार तर दहा. त्यात एक जोराचा पाऊस आला की भरगच्च फुलं पाणी पिऊन जमिनीला लागतात. तारेचं कडं लावून ठेवावं लागतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वर्षभर सांभाळायचं आणि आठ दिवस बघायचं? जावईच की!"

पण इथल्या लोकांच्या मनातलं पिओनीचं घर वेगळंच आहे. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा, तेव्हा ही फुलं कापून दफनभूमीत नेतात. आजीही जातात, बादलीत फुलं घेऊन, आईच्या आणि नवऱ्याच्या थडग्यावर. जवळच ॲन आर्बरला विद्यापीठाच्या निकल्स आर्बोरेटम या वृक्षोद्यानात 1927 पासून पिओनींची बाग आहे. आजींनी मला तिथे ओढत नेलं होतं. झाडांना आपापल्या पाट्या, आणि म्हातारी माणसं नातेवाइकांना भेटल्यासारखी झाडांना भेटत होती. एका पाटीपाशी आजी थबकल्या. पांढरं शुभ्र फूल, मधल्या पाकळ्यांवर कुंकवाचे शिंतोडे. 'फेस्टिवा मॅक्सिमा', फ्रान्स, 1851. त्यांच्या दारातलीच. आयुष्यभर त्या तिला नुसतं "आईची पांढरी" म्हणत आल्या होत्या. मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं की ही मूळची चीनकडची, आमच्या बाजूची. डेलिलीही तिकडचीच, चायनीज दुकानात तिच्या सुक्या कळ्या सूपसाठी मिळतात. आजी म्हणाल्या, "मग तुला आवडत का नाही?" याचं उत्तर मी अजून शोधतेय.

तर आता ढकलगाडीतला गड्डा. अडचण अशी, की माझ्या दारात सहा तास ऊन मिळणारी जागा एकच, आणि तिथे स्टेला आहेत. पिओनीला सावली चालत नाही, एकदा बसली की हलवलेलं आवडत नाही, रुसून दोन-तीन वर्षं फुलत नाही. बसली तर मात्र पन्नास वर्षं, त्याहूनही जास्त. आम्ही या घरात आणखी किती वर्षं आहोत, हाही प्रश्न आहेच. दरवर्षी दिवाळीत तो निघतो आणि दरवर्षी पुढे ढकलला जातो.

शनिवारी खड्डा केला. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गड्डा धुतल्यावर मी डोळे मोजले, पाच निघाले. त्यांनी माती लोटायला लावली, मग स्वतः वाकल्या, आडवी तीन बोटं डोळ्यांवर ठेवून माप घेतलं. "अजून काढ." मी काढली. परत तीन बोटं. "बस."

स्टेला गराजमध्ये पिशवीत आहेत. त्यांना काही होत नाही. येत्या रविवारी पत्रपेटीजवळ जागा बघते.