लिफ्टची शिट्टी

गिरगावातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवरच निकाल देऊन टाकला होता. "लिफ्ट झकास आहे हो. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी म्हणते, आत शिट्टी वाजते. तिच्या समाधानासाठी एकदा येऊन जा."

लिफ्टमधले बोलके बोर्ड दुरुस्त करणं हा माझा धंदा. पोचलो तर कमिटीचे तिघे, सगळे साठीपुढचे, लिफ्टमध्ये कान देऊन उभे. कुणालाच काही ऐकू येईना. मलाही नाही, पण माझीही पन्नाशी जवळ आलीय. मुलीला बोलावलं. आत पाऊल टाकताच तिच्या कपाळावर आठी.

"आत्तासुद्धा वाजतेय की! मजला सांगणारी बाई बोलायला लागली की थोडी कमी होते."

बोलताना कमी आणि गप्प असताना जास्त? मी खिशातून फोन काढला आणि आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावलं. साडेपंधरा हजार हर्ट्झच्या जरा पुढे एक सरळ सुळका उभा होता. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची शिट्टी १५,६२५ हर्ट्झची असे. शेजारी कुणी आवाज बंद करून टीव्ही लावला तरी आम्हा पोरांना भिंतीपलीकडून कळायचं, मोठ्यांना नाही. वय वाढतं तसा कान वरचे स्वर आधी सोडतो. पोरगी खरं बोलत होती.

बोर्ड खोलला. आत ३२ केबीची मायक्रोकंट्रोलर चिप, म्हणजे बोर्ड चालवणारा चिमुकला संगणक. सेकंदाला ८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मापं, प्रत्येकी एक बाइट, या हिशेबाने तिच्यात जेमतेम चार सेकंदांचं बोलणं मावतं. म्हणून शेजारी ८ एमबीची आठ पायांची फ्लॅश चिप होती, सतरा मिनिटं पुरेल एवढी. 'पहिला', 'दुसरा' वेगवेगळे आणि 'मजला' एकदाच साठवलेला. सुरुवातीचं टिंगटाँग मात्र साठवलेलं नव्हतं. २५६ आकड्यांच्या तक्त्यावरून चिप ते जागच्या जागी तयार करत होती. काम करणारा अडाणी नव्हता, हे कबूल करायला हवं.

कंजूष मात्र होता. चिपच्या पायाला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं. ते इतक्या वेगाने करायचं की सरासरीतून आवाज घडावा. किती वेळ चालू ठेवायचं ते चिप ठोके मोजून ठरवते. इथे मोजणी ० ते २५५ वर आणि परत खाली, म्हणजे एका फेरीला ५१० ठोके. सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असता तर ही फेरी सेकंदाला ३१ हजारांवर गेली असती, माणसाच्या कानापलीकडे. बोर्डावर क्रिस्टलची जागा मोकळी होती आणि चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालत होती. म्हणजे पंधरा हजार सातशेच्या आसपास. वरचे स्वर गाळणाऱ्या फिल्टरच्या कपॅसिटरचीही जागा मोकळीच.

आणि बाई गप्प असताना शिट्टी जास्त का? कारण आठ बिटांच्या आवाजात शांतता म्हणजे शून्य नव्हे, मधला आकडा, १२८. म्हणजे पाय निम्मा वेळ चालू, निम्मा बंद, आणि शिट्टीचा जोर नेमका तिथेच सर्वाधिक. सगळे गप्प असताना बोर्ड बोंबलत होता.

लॅमिंग्टन रोडला जाऊन ४७ नॅनोफॅरॅडचे कपॅसिटर आणले आणि एक लावला. बोर्डावरच्या एक किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर तो साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं दाबायला लागतो. मुलगी म्हणाली, "कमी झालं, पण आहे." बरोबरच होतं. त्या फिल्टरने शिट्टी फार तर पाचव्या हिश्श्यावर येते, नाहीशी होत नाही.

असल्या चिपचा प्रोग्रॅम माझ्याकडे तयार होता. मोजणी एकाच दिशेने केली की ८ मेगाहर्ट्झवरही सेकंदाला ३१,२५० फेऱ्या मिळतात. शिवाय घोषणा संपली की पाय बंदच करायचा. एकदम बंद केला तर स्पीकरमधून टप्प असा आवाज येतो, म्हणून १२८वरून हळूहळू शून्यावर आणला. बाईचा आवाज फ्लॅशमध्ये होता, त्याला हात लावावा लागला नाही.

मुलगी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेली, परत आली आणि मान डोलावून क्लासला पळाली.

खजिनदार बिल हातात घेऊन उभे. "आम्हाला आधी काही ऐकू येत नव्हतं, आत्ताही येत नाही. मग व्हाउचरवर लिहू काय?"

"ध्वनियंत्रणा दुरुस्ती," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं, आणि शंभर रुपये कापून घेतले.