काट्यावर चढलेली होडी

गेली अकरा वर्षं मी जुन्या गाड्या तपासून देण्याचं काम करतो. अंधेरीपासून विरारपर्यंत कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की आधी मला बोलावतात. इंजिनाचा आवाज, चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), अपघाताच्या खुणा, कागदपत्रं, एवढं बघायला तासभर पुरतो. वर्सोव्याच्या नाखवांच्या कामाला मात्र पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत वेळ लागला.

मे महिना होता. नाखवा फोनवर म्हणाले, "होडी ओढायला गाडी पायजे. सात लाखांच्या आत. आणि ॲव्हरेज चांगला पायजे."

जून-जुलैत मासेमारीला ६१ दिवस बंदी असते. त्या दिवसांत नाखवा आणि कोळीवाड्यातली पाच-सहा पोरं आपली पंधरा फुटी फायबरची होडी घेऊन पुरात अडकलेल्यांना काढायला जातात. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा त्यांचे पाच तास नुसता टेम्पो मिळवण्यात गेले. होडी चढवायला आठ माणसं, उतरवायला पुन्हा आठ. "ते पाच तास माझ्या डोक्यातून जात नाय," नाखवा म्हणाले. म्हणून त्यांनी ट्रॉली करून घेतली होती, आता तिच्यापुढे गाडी हवी होती. इंधनाचे पैसे हे लोक स्वतःच्या खिशातून घालतात. त्यामुळे ॲव्हरेजचा प्रश्न मला अजिबात क्षुल्लक वाटला नाही.

दोन गाड्या समोर होत्या. एक जावयाची सात आसनी पेट्रोल गाडी, घरचीच म्हणून स्वस्तात मिळणारी. दुसरी नायगावची पाच वर्षं जुनी बोलेरो. आधीच्या मालकाने ती जनरेटरची ट्रॉली ओढायला वापरली होती, त्यामुळे हुक चेसिसला पक्का बसवलेला. कागदावर पेट्रोलवाली लिटरला २० किलोमीटरच्या पुढे, बोलेरो १६ च्या आसपास. घरातल्या सगळ्यांचा कौल अर्थातच पहिलीला.

पण कागदावरचा आकडा मिळतो तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून. तिथे मागे होडी नसते.

म्हणून पहिलं काम, वजन. नाखवांचा अंदाज होता तीनशे-साडेतीनशे किलो. होडी, चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन, पेट्रोलच्या दोन टाक्या, दोर, नांगर, लाइफ जॅकेट असं सगळं भरून आम्ही ट्रॉली काट्यावर चढवली. ६४० किलो! नाखवांनी काटेवाल्याला पुन्हा बघायला लावलं.

मग सुनेचा बाथरूममधला वजनकाटा आणून विटांवर ठेवला आणि ट्रॉलीचं तोंड त्यावर टेकवलं. जेमतेम २४ किलो. हे मला जास्त धोक्याचं वाटलं. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा लागतो. कमी आला तर वेगात ट्रॉली मागून डोलायला लागते आणि पुढची गाडीही हलवते. मशीन होडीच्या मागच्या टोकाला असल्यामुळे सगळा भार मागे गेला होता. दोन्ही टाक्या आणि नांगर पुढे सरकवत सरकवत ६२ वर आणलं, तेव्हा उजाडलं होतं.

पेट्रोल गाडीच्या माहितीपुस्तकात ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट छापलेलं होतं. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुस्तकात ते असतं, कुणी वाचत नाही. मी पान उघडून दाखवलं. जावई म्हणाले, "एकदा बघू तर." मी तिथेच ठाम नाही म्हणायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

टाकी फुल करून निघालो. दहिसर, घोडबंदर रोड, ठाणे, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि परत वर्सोवा, ७२ किलोमीटर. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर मात्र गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. त्या इंजिनाची खरी ओढ मिनिटाला ४४०० फेऱ्यांना मिळते, म्हणजे सतत किंचाळत ठेवावं लागतं. उतारावर ब्रेक दाबला की मागचे ६४० किलो पाठीत ढकलतायत हे सीटमध्ये कळत होतं. परत येऊन टाकी भरली तर ९.१ लिटर. लिटरला आठसुद्धा नाही.

खरी परीक्षा खाडीच्या उतारावर झाली. चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असतं तो मधला भाग, हाताला गार लागेपर्यंत थांबलो (गरम बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडालं की पाणी आत ओढून घेतं) आणि होडी पाण्यात सोडली. ओहोटी लागली होती. अर्ध्या तासाने होडी परत ट्रॉलीवर घेतली, तोवर उताराचा हिरवा शेवाळी पट्टा उघडा पडला होता. जावयांनी क्लच सोडला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा वास आला आणि गाडी मागे सरकायला लागली. एक हात, दोन हात. सायलेन्सर पाण्याला टेकला. नाखवा ओरडले, "दगड लाव, दगड!" धाकट्या मुलाने मागच्या चाकाखाली दगड सारला, तेव्हा ती थांबली. त्याचा हात चाकापासून वीतभर अंतरावर होता.

चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर जातं, त्यात हुकवरचा भार मागचा भाग आणखी दाबतो. ओढणारी चाकं पुढची असली तर तीच हलकी होतात. हे मला पाठ होतं. डोळ्यांसमोर मात्र पहिल्यांदा घडलं. शेवटी ट्रॉली सोडवून दहा जणांनी दोराने वर घेतली.

दुपारी बोलेरो आली. तोच रस्ता, उलट ट्रॅफिक जास्त. २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १६०० फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने गायमुख तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता चढला. मी वेगाचा काटा साठच्या वर जाऊ दिला नाही, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो, आणि होडीची छाती हवेला आडवी येते. डिझेल लागलं ६.७ लिटर. लिटरला पावणेअकरा. महाडला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले तर एका खेपेला अकरा-बारा लिटर वाचतात.

बोलेरो आरामाची गाडी नाही, ओव्हरटेकलाही ७५ हॉर्सपॉवर पुरत नाहीत. पण सात लाखांत, या वजनाला, मला दुसरी सुचवता आली नसती. सीएनजीचा विषय मुलाने काढला होता. सीएनजीवर ओढ आणखी कमी होते, आणि पुराच्या रात्री रांगेत कोण उभं राहणार?

सकाळचा तोच शेवाळी पट्टा पुन्हा उघडा पडेपर्यंत थांबायचं, यावर मी अडून बसलो. रात्री साडेआठला भरती ओसरली. होडी ट्रॉलीवर, दोन्ही चाकांमागे दगड घेतलेली दोन मोठी माणसं, मुलं लांब. पहिला गिअर. बोलेरोची ओढणारी चाकं मागची; त्यातलं एक क्षणभर घसरलं, मग धरलं, आणि बोलेरो पाणी गाळत वर आली. कुणी काही बोललं नाही. नाखवांनी बोनेटवर हात ठेवला.

माझ्या दोन अटी होत्या. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आणि दिवे बसवायचे, आणि आरटीओत तिचीही नोंदणी करायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रेक तपासायला गेलो. होडीच्या तळाला लाल ऑइलपेंटने दोन चौकोन काढलेले होते, टाक्यांच्या जागा. शेजारी धाकट्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ६२ किलो.