आमची वाटचाल : इंदूरची छोटी लॅब

माळव्यात रोज गव्हाची पोळी, सणाला दाल-बाफले. सिलिअ‍ॅकचे पेशंट इथे शोधावे लागत नाहीत; गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं खराब होण्याचा हा आजार. वाढ खुंटलेली, लोहाची औषधं घेऊनही हिमोग्लोबिन न चढणारी पोरं आमचे बालरोगतज्ज्ञ सर अचूक हेरून पाठवायचे. सरांनी कधी कट मागितला नाही. दिवाळीला मिठाई पाठवली तर तीही परत यायची.

प्लेट धुणारा वॉशर जुना घेतला, रंगावरून अँटिबॉडी मोजणारा एलायझा रीडर मात्र कर्ज काढून नवा. टीटीजी-आयजीए ही या आजाराची अँटिबॉडी तपासणी, तिची प्लेट 96 खळग्यांची. सॅम्पल चार असोत की चाळीस, स्टँडर्ड आणि कंट्रोल हे तुलनेचे नमुने दर वेळी लावावेच लागतात, म्हणून आम्ही सिरम गोठवून ठेवायचो आणि आठवड्याला एकच रन घ्यायचो. टीएमबी हे रंग आणणारं द्रव्य घातलं की अँटिबॉडी असलेले खळगे निळे होतात, स्टॉप सोल्यूशनने पिवळे, मग 450 नॅनोमीटरला वाचन. वॉशरची एक सुई तुंबली तरी निगेटिव्ह खळगा पिवळा दिसतो. सुया रोज डिस्टिल्ड वॉटरने साफ करा, कंपनीच्या माणसाची वाट बघू नका.

मग चौकात एका बड्या साखळीचं कलेक्शन सेंटर आलं. टीटीजी निम्म्या दरात, डॉक्टरांना कट वेगळा. टोटल आयजीए, म्हणजे अंगात आयजीए जातीच्या अँटिबॉडी एकूण किती ही तपासणी, मात्र पॅकेजात नाही! ज्या पोराच्या अंगात आयजीएच नाही, त्याचा टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येणार नाही तर काय? आम्ही टोटल आयजीए सोबतच करायचो, म्हणून बिल जास्त. लोक त्याला लूट म्हणाले. किटं मुदत संपून फेकली, रीडरचे हप्ते थकले, हिच्या पाटल्या मोडल्या.

त्याच सुमारास सरांनी एक मुलगी पाठवली. हातात सेंटरचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट. आमच्याकडे टोटल आयजीए जवळपास शून्य, आयजीएवर न अवलंबणारी डीजीपी-आयजीजी तपासणी सणसणीत पॉझिटिव्ह. बायॉप्सीत आतड्यातले विलाय, म्हणजे अन्न शोषणारे बारीक उंचवटे, सपाट. सरांनी ही केस चार डॉक्टरांना सांगितली आणि सॅम्पल परत येऊ लागली. सेंटरवाल्यांनी त्या मुलीच्या बापाला साधा फोनही केला नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

एक सांगतो, तपासणीआधी गहू बंद करू नका. हल्ली जो तो स्वतःच ग्लूटेन सोडतो आणि काही महिन्यांनी रक्त द्यायला येतो. तोवर अँटिबॉडी उतरलेल्या असतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि खोटे आम्ही ठरतो.

सेंटर अजून चौकातच आहे. टोटल आयजीए पॅकेजात आहे का, जाऊन विचारा.