छोटं जहाज, दालमेशियाची बेटं आणि वाऱ्याचं वेळापत्रक

क्रोएशियाच्या दालमेशिया किनाऱ्यावर स्प्लिट ते दुब्रोव्निक ही आठवड्याची जहाजाची सफर बहुधा शनिवारी सुरू होऊन शनिवारी संपते. जहाज वीस ते चाळीस प्रवाशांचं. दिवसाला चार-पाच तास चालायचं, दुपारी एखाद्या खाडीत पोहायला थांबायचं, संध्याकाळी बंदर गाठायचं. रात्री जहाज धक्क्यालाच असतं, त्यामुळे झोप शांत लागेल असं वाटतं. ती लागणं न लागणं केबिनवर आहे, म्हणून आधी केबिनचं बघू.

इंजिन बहुतेक मागे असतं, त्यामुळे मागच्या केबिनमध्ये घरघर आणि डिझेलचा वास. अगदी पुढची केबिन घेतलीत तर सकाळी नांगराची साखळी डोक्याशी खडखडते. खालच्या मजल्यावरच्या गोल खिडक्या पाण्यापासून हातभर वर असतात, जहाज चालू असताना त्या बंदच ठेवाव्या लागतात. खालच्या मजल्यावरची, पण मधली केबिन सगळ्यात कमी हलते आणि वरच्यापेक्षा स्वस्त पडते. ज्यांना बोट लागते त्यांनी तीच घ्यावी. वरच्या डेकवरची खिडकी समुद्र दाखवते खरी, पण रात्री नाही. ह्वार, कोर्चुला अशा बंदरांत धक्का अपुरा पडतो आणि जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. मग खिडकीबाहेर समुद्राऐवजी शेजाऱ्याची केबिन, आणि किनाऱ्यावर जायचं तर दोन-तीन जहाजांच्या डेकवरून वाट काढायची. गुडघे दुखणारी मंडळी बरोबर असतील तर हे आधी सांगून ठेवा. पायऱ्याही उभ्या असतात आणि लिफ्ट क्वचितच असते. टणक सुटकेस पलंगाखाली जात नाही, मऊ बॅग न्या.

आता वारा. शाळेत खारे आणि मतलई वारे शिकलो, त्यातल्या खाऱ्या वाऱ्याचा तिथला भाऊ म्हणजे माएस्त्राल. उन्हाळ्यात दुपारच्या आसपास वायव्येकडून सुटतो, सूर्य कलला की पडतो. त्याच्यामुळेच कप्तान सकाळी लवकर निघतो, उगाच घाई म्हणून नाही. युगो आग्नेयेकडून येतो, दमट आणि ढगाळ. तो हळूहळू वाढतो, एक-दोन दिवस टिकतो आणि मोकळ्या समुद्रात मोठ्या लाटा उठवतो. बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळणारा कोरडा झोत. नाव हिंदी कानाला शोभतं. आकाश निळंशार असतानाही तो पाणी फेसाळून टाकतो, म्हणून 'ऊन तर आहे, मग का नाही निघायचं?' हा प्रश्न कप्तानाला विचारू नये.

सफरपत्रिकेतला क्रम याच तिघांच्या हातात असतो. युगो असेल तर बिशेवो बेटावरची निळी गुहा हमखास हुकते. तिचं तोंड 1884 मध्ये माणसांनी फोडून रुंद केलं आणि ते जेमतेम दीड मीटर उंच आहे. छोट्या होडीत वाकून बसून आत जावं लागतं आणि थोडी लाट असली तरी होड्या बंद. आतलं पाणी निळं दिसतं तो उजेड साधारण अकरा ते बारा या वेळात सगळ्यात छान पडतो, त्यामुळे गर्दीही तेव्हाच. आत पोहता येत नाही. फक्त त्या गुहेसाठी सफर निवडणं मला तरी जुगार वाटतो. ती ज्या व्हिसजवळ आहे, ते बेट 1989 पर्यंत लष्करी तळ म्हणून परदेशी लोकांना बंद होतं. म्हणूनच तिथली गावं अजून ह्वारइतकी हॉटेलांनी भरलेली नाहीत.

कोर्चुला मात्र वारा असला तरी बघावंच. जुन्या गावाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आहेत. पश्चिमेकडच्या सरळ, म्हणजे माएस्त्राल आत यावा. पूर्वेकडच्या किंचित वाकड्या, म्हणजे बुराचा जोर मोडावा. मल्येत बेटावर पोमेना किंवा पोलाचे या बंदरांत उतरून राष्ट्रीय उद्यानात जाता येतं. तिकिटातच तळ्यातल्या मठाच्या बेटावर नेणारी होडी येते, वेगळे पैसे देऊ नका.

पोहण्याच्या थांब्याला जहाज खोल पाण्यात असतं, शिडीवरून उतरलं की पाय टेकत नाहीत. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या. किनाऱ्याला वाळू फार थोडी, दगडच दगड आणि त्यात समुद्री अर्चिन, म्हणजे चेंडूसारखे गोल काटेरी प्राणी. रबरी बूट हवेतच. त्याचा काटा पायात मोडला तर सुट्टीचे दोन दिवस लंगडण्यात जातात.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी 'मासे आणि माशांचं पाणीही नको' असं लिहून द्या, कारण तिथला भात बऱ्याचदा माशांच्या रसात शिजतो. ब्लित्वा म्हणजे बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलातली पालेभाजी. आपल्या जिभेला ती पटकन जमते. बंदर शुल्क आणि पर्यटन कर बहुतेक करारांत वेगळे असतात आणि जहाजावर रोख युरोत मागतात. पेयांचं बिलही शेवटच्या संध्याकाळी येतं.

एक गफलत व्हिसाची. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो नाहीत. दुब्रोव्निकला उतरून मोस्तार किंवा कोतोरची दिवसाची सहल घेतलीत आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत आत येता येणार नाही. स्प्लिटला बसने परतणाऱ्यांनी तिकीट काढताना मार्ग विचारावा. 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यावर क्रोएशियातूनच थेट जाता येतं, पण काही बस अजूनही बोस्नियातल्या नेउममार्गे जातात. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, आणि विमा किमान 30,000 युरोंचा असू द्या.