मुंबई ते लक्षद्वीप: बोटीवर सॅटफोन बसवताना

मुंबईहून शिडाच्या बोटीने लक्षद्वीपला निघालं की किनारा मागे पडल्यावर थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) साधारण क्षितिजापर्यंतच पोचतो. पुढे घरच्यांशी, हवामान कळवणाऱ्याशी किंवा डॉक्टरशी बोलायचं तर सॅटफोनच, म्हणजे उपग्रहावरून चालणारा फोन, लागतो. तो मिळवून चालता करेपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहितोय.

सगळ्यात जास्त वेळ परवानगीत जातो. थुराया आणि इरिडियम या उपग्रह कंपन्यांचे फोन आपल्याकडे बेकायदा आहेत. 26/11 चे हल्लेखोर ‘कुबेर’ या बळकावलेल्या मासेमारी ट्रॉलरवर थुराया फोन मागे सोडून गेले होते, हे लक्षात घेतलं तर ही कडक नजर समजते. कायदेशीर वाट म्हणजे इनमारसॅट या कंपनीचा फोन, तोही बीएसएनएलमार्फत आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीने. दुबईहून कुणी आणून दिलेला हँडसेट बोटीवर ठेवू नका. जप्तीच नाही, अटकही होऊ शकते. परवानगी हातात आल्यावरच मी निघायची तारीख पक्की केली, आणि त्या कागदाची प्रत फोनच्या डब्यातच ठेवली.

इनमारसॅटचा आयसॅटफोन 2 पहिल्यांदा लावताना उघड्या डेकवर या आणि अँटेना पूर्ण उघडून उभी धरा. फोन आधी जीपीएसवरून स्वतःची जागा शोधतो, मगच नेटवर्क पकडतो. याला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात घाईने बंद-चालू केला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो, म्हणजे कोकण किनाऱ्यावरून तो दक्षिणेला आणि बराच उंच. त्या बाजूला डोलकाठी किंवा सोलर पॅनेल आडवं आलं तर आवाज तुटतो. केबिनमध्ये तर प्रयत्नच करू नका. आवाज जायला-यायला वेळ लागतो आणि दोघं एकदम बोलू लागतात. वाक्य संपवायचं, थांबायचं, मग ऐकायचं.

नंबर +91 लावून, एसटीडी कोडसकट साठवा. तटरक्षक दलाचा 1554 हा आखूड क्रमांक सॅटफोनवरून लागेल असं गृहीत धरू नका; मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राचा पूर्ण नंबर साठवून ठेवा.

बंदरातच चाचणीचा कॉल करा आणि पलीकडच्याला आपलं स्थान लिहून घेऊन परत वाचायला सांगा. सगळ्यात घातक गोंधळ इथेच होतो. फोनवर 15.50 अंश दिसतं, म्हणजे 15 अंश 30 मिनिटं. ऐकणाऱ्याने ते 15 अंश 50 मिनिटं लिहिलं की शोध 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर, भलतीकडे जातो. मी जीपीएस, चार्टप्लॉटर (पडद्यावरचा सागरी नकाशा) आणि फोन तिन्हीकडे अंश-मिनिटं हीच पद्धत लावली, आणि बोलताना ‘अंश’, ‘मिनिटं’ हे शब्द उच्चारायचेच असं ठरवलं.

एक गोष्ट मनापासून सांगतो: सॅटफोन ईपर्बची (संकटाचा इशारा उपग्रहामार्फत देणाऱ्या यंत्राची) जागा घेऊ शकत नाही. फोन एका माणसाला लागतो, तोही त्याने उचलला तर. 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब थेट बचाव यंत्रणेला कळवतो, किमान 48 तास चालतो आणि 121.5 मेगाहर्ट्झवर जवळ आलेल्यांना दिशा दाखवतो. त्याची नोंदणी बोटीच्या नावाने करून किनाऱ्यावरचे संपर्क ताजे ठेवा. मच्छीमार नौकांसाठी इस्रोचं दुसऱ्या पिढीचं डॅट हे संकटाचा इशारा देणारं यंत्र आहे. त्यावर नियंत्रण केंद्राकडून पोचही परत येते. म्हणून क्रम असा: आधी ईपर्ब, जवळपास कुणी असेल तर व्हीएचएफ चॅनल 16, मग फोन.

2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले अभिलाष टॉमी पाठीच्या दुखापतीने उठू शकत नव्हते. ग्रॅब बॅगपर्यंत (संकटात उचलायच्या सामानाच्या पिशवीपर्यंत) पोचणं अवघड आहे, असं त्यांनी संदेशात कळवलं होतं. त्यामुळे माझी पिशवी बंकवर आडवं पडून हात पोचेल अशा उंचीला बांधलेली असते. फोन पाण्यावर तरंगत नाही, म्हणून तो तरंगणाऱ्या जलरोधक पाउचमध्ये, दोरीने अडकवून. चार्जिंगच्या पिनांवर खारं पाणी सुकलं की हिरवट थर चढतो आणि चार्जिंग थांबतं. ओल्या हाताने केबल लावायची नाही, आणि जास्तीची भरलेली बॅटरी पाउचमध्येच ठेवायची.